तोंडावर दाखवायचं नाही

मोटारी विकणाऱ्या माणसाचं खरं नाव पगाराच्या कागदावर असतं आणि तिथेच राहतं. आपल्या या गृहस्थाला सगळं शोरूम बंपर म्हणायचं. कारण साधं होतं. गाडी कशावरही आदळली की पहिला तडाखा बंपर खातो, आणि शोरूममध्ये कोणी तावातावानं भांडायला आलं की बाकीचे सगळे एकदम फार कामात असायचे, त्यामुळे तो माणूस थेट येऊन याच्यावर आदळायचा. हा आपला टाय सरळ करत हसतमुख उभा. समोरचा बोलून बोलून दमला की हा म्हणायचा, "बरोबर आहे तुमचं." मग भांडायला उरतंय काय?

पंचवीसेक वर्षं त्यानं हेच केलं. एवढ्या वर्षांत गाड्या किती विकल्या ते सोडा, शब्द मात्र त्यानं भरपूर पाडले. गाड्या विकणाऱ्यांची आपसातली एक बोली असते. ती गिऱ्हाइकाच्या देखत बोलायची आणि गिऱ्हाइकाला कळू मात्र द्यायची नाही. म्हणजे शब्द असा हवा की ऐकणाऱ्याला वाटावं, यांच्या घरगुती गप्पा चालल्यात. यात बंपरचा हातखंडा. जी गाडी महिनोन्महिने विकली जात नाही, नुसती जागा अडवून बसते आणि वर रोज पुसून घेते, ती 'घरजावई'. गिऱ्हाइकाबरोबर जो जाणकार मित्र येतो, ज्यानं स्वतः आयुष्यात सायकलसुद्धा घेतलेली नसते पण इंजिनाबद्दल विचारून विचारून जीव नकोसा करतो, तो 'वकील'. बाहेर ऊन मी म्हणत असताना नुसत्या गारव्यासाठी आत येणारे, दाराजवळच्या गाडीत बसून काचा वर करून डोळे मिटणारे, ते 'हवापालट'. आणि "घरी विचारून येतोच हं" म्हणून जे जातात, त्यांची अख्खी जमात म्हणजे 'येतोच'. संध्याकाळी मॅनेजरनं विचारावं, आज काय झालं? आणि यानं तोंड पाडून सांगावं, "साहेब, दोन वकील, एक हवापालट, बाकी सगळे येतोच."

पण त्याची खरी करामत म्हणजे पेयं. ही युक्ती त्याची एकट्याची, आणि तिचा त्याला गर्व होता. गिऱ्हाईक दारातून आत येऊन पहिल्या गाडीपर्यंत पोचेस्तोवर बंपर त्याचं तोंड वाचायचा आणि पँट्रीतल्या मावशींना मोठ्यानं सांगायचा, "मावशी, साहेबांना पाणी!" ऐकणाऱ्याला वाटायचं, केवढं अगत्य! अगत्य कसलं डोंबलाचं? पाणी म्हणजे हा काही घेत नाही, याच्यावर वेळ घालवू नका. चहा म्हणजे माणूस कोमट आहे, बसवून ठेवा. आणि कॉफी म्हणजे हा आज सही करून जाणार, मॅनेजरला उठवा. जे सांगितलं ते पेय खरोखर यायचं, हे विशेष. एकदा एका अगदी पक्क्या गिऱ्हाइकानं कॉफी हातानं बाजूला सारली आणि म्हणाला, "मला पाणीच द्या." तेव्हा मॅनेजर अर्ध्या वाटेवरून परत फिरला होता.

हे सगळं घरीही शिरलं होतं. बायको दवाखान्याच्या प्रयोगशाळेत रक्त तपासायचं काम करायची. शांत, नेमकी बाई. तिला ही बोली नवऱ्यापेक्षा चांगली यायची. एकदा तिची स्वतःची बहीण आली होती. बायकोनं स्वयंपाकघरातून विचारलं, "अहो, काय ठेवू?" हा सवयीनं म्हणाला, "पाणी." मेहुणी बिचारी पाणी पिऊन गेली आणि पुढे वर्षभर फिरकली नाही. त्यावर दोघं नवराबायको चार दिवस बोलत नव्हती.

आता एवढा गाडीतला माणूस, पण स्वतःकडे गाडी नव्हती. स्कूटर होती. "ज्यानं आचाऱ्याची भांडी आतून बघितलीत तो बाहेर जेवत नाही," असं तो म्हणायचा आणि विषय संपायचा. संपायचा म्हणजे त्याच्या बाजूनं संपायचा.

एक दिवस बायकोनं जेवताना सांगितलं, "मी आज चालवायची परीक्षा पास झाले."

"काय चालवायची?"

"गाडी. दोन महिने सकाळी शिकायला जात होते."

बंपर म्हणाला, "छान," आणि पाण्याचा तांब्या पुढे ओढला. बायको आणखी काहीतरी ऐकायला थांबली होती हे त्याच्या गावीही नाही. मग तीच म्हणाली, "आणि मला एक गाडी घ्यायचीय. माझ्या पगारातून बाजूला टाकलेत मी. कुठली तेही ठरलंय."

ठरलेली गाडी कुठली, तर स्पर्धक कंपनीची! म्हणजे ज्या कंपनीच्या गाड्यांची निंदा करून यानं पंचवीस वर्षं घर चालवलं, तिची. सगळ्यात छोटी, गोल डोळ्यांची, आणि रंग कोवळ्या पानाचा. कामावर जाताना ती बायकोला रोज बसमधून दिसायची. त्या शोरूमच्या रस्त्याकडच्या काचेत उभी असायची. बंपरच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "आपल्याकडे काय गाड्या नाहीत?" तो म्हणाला. बायको म्हणाली, "आहेत. तो रंग नाही." कंपनीनं तो रंगच बंद केलाय, ही एकच उरलीय, हेसुद्धा ती फोन करून विचारून बसली होती.

त्यावर मात्र बंपरचे कान टवकारले. "किती दिवस उभी आहे म्हणालीस काचेत?"

"बरेच महिने झाले."

"अगं, म्हणजे घरजावई आहे की!" त्याचा सगळा राग पळाला. विकणाऱ्याच्या जातीला घरजावई दिसला की वाटतं, आता समोरच्याला रडवायचं. रंग बंद झालेली, महिनोन्महिने अंगावर पडलेली गाडी! ते स्वतः पाया पडतील. त्यानं जेवण अर्धवट टाकून बेत आखला. गाडीकडे आपण बघायचंच नाही. दुसऱ्याच गाड्या बघायच्या. जाता जाता विचारायचं, ही कशाला ठेवलीय हो इथे? "आणि तू," तो बायकोला म्हणाला, "एक अक्षर बोलू नकोस. मुख्य म्हणजे आवडलंय असं तोंडावर दाखवायचं नाही. तोंडावर दिसलं की संपलं. आम्ही काय करतो? तोंडच वाचतो."

"मला माहितीय," बायको म्हणाली.

रजा काढून दोघं गेली. बंपरनं टाय लावला नव्हता, भांग उलटीकडे पाडला होता आणि वाचायचा चष्मा बाहेर घालून निघाला होता, त्यामुळे पायरीला ठेचकाळला. आत गेल्यावर पहिल्यांदा त्यानं छताकडे बघितलं. मग फरशीकडे. गोल डोळ्यांची ती गाडी डाव्या हाताला चार पावलांवर होती. तिच्याकडे त्यानं असं बघितलं की जणू भिंतीला ओल आलीय. बायकोनं तर तेवढंही बघितलं नाही. पर्स पोटाशी धरून ती समोर बघत उभी राहिली, आणि तिच्या चेहऱ्यावर काहीही नव्हतं. काही म्हणजे काहीच. बंपरनं मनातल्या मनात तिची पाठ थोपटली.

घट्ट वेणी घातलेली एक तरतरीत पोरगी लगबगीनं पुढे आली. तिनं दोघांच्या तोंडाकडे एकदा बघितलं, एकदाच, आणि मागे वळून गोड आवाजात हाक दिली, "ताई, सर-मॅडमना पाणी!"

बंपर जागच्या जागी थिजला.

ही युक्ती त्याची! त्याच्या डोक्यातून निघालेली! पण विकणारी माणसं फिरती असतात. आज या शोरूममध्ये, उद्या त्या, आणि जाताना सामानाबरोबर शब्दही घेऊन जातात. ती खूण कधी शहर ओलांडून इथे आली याचा त्याला पत्ताच नव्हता. क्षणभर ऊर भरून आला, आणि पुढच्याच क्षणी अंगाचा तिळपापड झाला. मला पाणी? मला?

"अगं," तो बायकोच्या कानाशी पुटपुटला, "आपल्याला पाणी सांगितलं."

"ऐकलं मी," बायको ओठ न हलवता म्हणाली. "मग काय, उठायचं?"

"बसलोय कुठे अजून?"

मग दोघं बसली. पाणी आलं. आणि झालं काय, तर बंपरचा बेत इतका उत्तम जमला, इतका उत्तम जमला, की त्यांच्याकडे कोणी फिरकेचना. ज्यांना काहीच घ्यायचं नाही अशा माणसांपाशी कोण येऊन बसेल? त्यानं स्वतः शिकवलेलं होतं, पाणीवाल्यांपाशी थांबू नका! तो खाकरला. त्यानं एक पत्रक उचलून जोरात उलटलं. त्या पोरीनं लांबूनच एक मधाळ हसू दिलं आणि संगणकाकडे तोंड फिरवलं. "थांब," तो बायकोला म्हणाला, "येतील. घरजावई आहे, जाणार कुठे!"

एवढ्यात दार उघडलं आणि एक धिप्पाड माणूस आपल्या म्हाताऱ्या आईला हाताला धरून आत आला. दुसऱ्या हातानं फोनवर ओरडत होता, "दुसरी भट्टी काढा, मी येतो! पाव करपवलात तर बघा!" हातावर पीठ तसंच होतं. फोन खिशात टाकला आणि त्याची नजर त्या गाडीवर गेली. "आई गं!" तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "बघ तरी काय गोड आहे! हीच घ्यायची! मला आवडली!"

बंपरनं कपाळाला हात लावला. अरे मूर्खा, असं ओरडतात का कोणी?

"ताई, सरांना कॉफी!" पोरगी ओरडली. "आणि बिस्किटं!" मॅनेजर आतून कोट चढवत पळत आला. दोघांनी बेकरीवाल्याला गाडीत बसवलं, उठवलं, पुन्हा बसवलं. त्यानं हॉर्न वाजवून बघितला आणि लहान मुलासारखा हसला. मग आईला शेजारी बसवलं. मॅनेजर कागद आणायला आत गेला.

आता मात्र बंपर बायकोकडे वळला. तिच्या डोळ्यांसमोर तिची गाडी चालली होती आणि ती मघासारखीच समोर बघत होती. चेहरा कोरा. दुःख नाही, राग नाही. हजारो गिऱ्हाइकांची तोंडं वाचणाऱ्या या माणसाला आपल्या बायकोच्या तोंडावरचं एक अक्षर लागेना.

"अगं, तुला ती हवी होती ना खरंच?" त्यानं विचारलं.

"तुम्हीच म्हणालात, दाखवायचं नाही."

"आता दाखव की! आता काय उपयोग!"

"आता येत नाही," ती म्हणाली. आवाज चढवला नाही, काही नाही. प्रयोगशाळेतून एखाद्याला निकाल सांगावा तसं ती बोलली. "किती वर्षं झाली? पडद्याचं कापड बघायला गेलो, मी म्हटलं किती छान निळा आहे, तुम्ही खालून माझा पाय दाबलात. आपण निळा नाही घेतला. खुर्च्या घ्यायला गेलो, पाय दाबलात. तुमच्या मित्राच्या घरी गेलो, मी म्हटलं किती मोकळी जागा आहे, तिथेसुद्धा पाय दाबलात, आणि ते घर तर विकायलाही नव्हतं. मग मी म्हणणं सोडलं. आता मला काय आवडतं हे माझं मलाच लवकर कळत नाही. ही एक कळली होती."

आणि तिनं उरलेलं पाणी पिऊन टाकलं.

आता बघा, माणूस असतो कसा. एवढं ऐकल्यावर दुसऱ्या कोणी माफी मागितली असती. बंपरला माफी मागता येत नव्हती. त्याला येत होतं एकच काम. तो उठला, नाकावरचा चष्मा खिशात घातला, आणि सरळ त्या गाडीकडे चालत गेला.

गाडीत बेकरीवाल्याची आई अजून बसलेलीच होती. बसलेली म्हणजे तिला उठता येत नव्हतं. गाडी बसकी, गुडघे धरलेले. एक पाय बाहेर, एक आत, आणि एक हात दाराला. मुलगा पलीकडे आरसे हलवून बघण्यात गुंग, पोरगी त्याच्यापाशी. म्हातारीकडे कोणाचंच लक्ष नव्हतं. बंपरनं हात पुढे केला.

"काकू, कशी वाटली बसायला?"

"बसायला बरी आहे रे बाबा," म्हातारी म्हणाली, "उठायला नाही."

"मग मुलाला सांगा की."

"त्याला आवडलीय ना एवढी. मी कशाला बोलू?"

ते वाक्य बंपरला असं लागलं की म्हातारीचा हात धरून तो क्षणभर तसाच वाकून राहिला. मग त्यानं तिला अलगद उभी केली आणि म्हणाला, "काकू, नुसतं एकदा इकडे या. घ्यायचं काही नाही. बसून बघा फक्त." शेजारी त्याच कंपनीची उंच, चौकोनी गाडी उभी होती. त्यानं दार उघडलं. म्हातारी वाकली नाही की कण्हली नाही, खुर्चीवर टेकावं तशी आत टेकली आणि "अगं बाई!" म्हणाली.

"ओ मालक!" बंपरनं बेकरीवाल्याला हाक मारली. "आईसाहेब कुठे बसल्यात बघा जरा."

आणि तो सुरू झाला. सीटची उंची, दाराची रुंदी, पायाखालची पायरी, मागच्या बाजूला पावाचे किती ट्रे मावतील, सगळं तोंडपाठ. पाठ नसायला काय झालं? ज्या गाडीला नावं ठेवण्यात आयुष्य गेलं तिचा एकेक गुण त्याला माहीत होता. तिच्या गुणांना उत्तरं शोधता शोधता केस पांढरे झाले होते. आज पहिल्यांदा तो उत्तराशिवाय नुसते गुण सांगत होता, आणि सांगता सांगता त्याचं त्यालाच वाटून गेलं, च्यायला, गाडी बरीच चांगली आहे की! बेकरीवाल्यानं आईला विचारलं, "ही आवडली तुला?" म्हातारी आधी "तुझं तू बघ" म्हणाली. मग बंपरकडे बघितलं आणि म्हणाली, "हो. ही आवडली." मुलगा म्हणाला, "मग मघाशी बोलली का नाहीस?" आणि तिथेच चौकोनी गाडी विकली गेली.

मॅनेजर कागद घेऊन आला तर गाडीच बदललेली, तीही दुप्पट मोठी. तो बंपरकडे बघत राहिला. वेणीवाली पोरगी जवळ येऊन हळूच म्हणाली, "सर, तुम्ही आमच्याच लायनीतले ना?"

"आज नाही," बंपर म्हणाला. "आज बायकोबरोबर आलोय."

मग मात्र त्यांना आतल्या टेबलाशी बसवलं. काचेचं नाही, लाकडाचं भरभक्कम टेबल. समोर पोरगी, तिच्या बाजूला मॅनेजर, आणि दोघंही उपकाराखाली वाकलेले. अशी संधी विकणाऱ्याला नव्हे, विकत घेणाऱ्याला जन्मात एकदा येते. गोल डोळ्यांची गाडी मोकळी झाली होती, वर ती घरजावई, वर यानं आत्ताच यांची मोठी गाडी विकून दिलेली. मागेल ते मिळालं असतं. सीटची कव्हरं, पायाखालची मॅट, किमतीत भरभक्कम सूट. नुसतं थोडं नाक मुरडायचं होतं.

"तर सर," पोरीनं विचारलं, "तुमचा काय विचार?"

बंपरच्या तोंडून आपोआप निघालं, "बघू. रंग जरा..." आणि टेबलाखालून त्याचा पाय सवयीनं बायकोच्या पायाकडे सरकला.

तिथे पाय नव्हता. त्यानं आणखी थोडं चाचपलं. बायकोनं दोन्ही पाय आधीच उचलून खुर्चीखाली ओढून घेतले होते. चेहरा कोरा, हात मांडीवर, पाय आत. हे तिनं आज पहिल्यांदा केलेलं नव्हतं. कुठल्याही टेबलाशी त्याच्याबरोबर बसलं की ती असेच पाय घेत असणार, कोण जाणे किती वर्षं, आणि त्याला तो दाबायला सापडला नाही की तो आपला समजायचा, आज बायको शहाण्यासारखी गप्प आहे.

बंपरनं आपला पाय मागे घेतला. पोरगी वाट बघत होती.

"रंग फार सुंदर आहे," तो म्हणाला. मॅनेजरनं मान वर केली. "हिला ही गाडी आवडलीय. रोज बसमधून बघते ती. आम्हाला हीच हवी आहे. दुसरी कुठलीच नको. आज नाही मिळाली तर मी उद्या पुन्हा येईन, आणि परवा येईन."

मोटारींच्या धंद्यात असं वाक्य आजवर कोणी उच्चारलं नसेल. मॅनेजर आणि पोरगी एकमेकांकडे बघायला लागली. यात काहीतरी डाव असणार म्हणून दोघांनी थोडा वेळ वाट बघितली. डाव नव्हता. मग माणसं शेवटी विकणारीच, त्यांनी छापील किमतीचा कागद पुढे सरकवला. बंपरनं तो बायकोपुढे सरकवला, बायकोनं वाचून सही केली. सूट नाही. कव्हरं नाहीत. मॅनेजर मोठ्या मनानं एक की-चेन देतो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी ही बातमी शहर ओलांडून त्याच्या शोरूममध्ये पोचली. सगळे त्याच्याभोवती जमले. "बंपर, मॅटसुद्धा नाही?" एकानं विचारलं. "पायाखालची मॅटसुद्धा नाही मागितली तू?" मावशी पँट्रीतून बाहेर येऊन त्याच्याकडे एखाद्या दुखणाइताकडे बघावं तशा बघून गेल्या. तो टाय सरळ करत सगळ्यांना म्हणाला, "बरोबर आहे तुमचं."

कागदपत्रं व्हायला काही दिवस गेले. गाडी ताब्यात घ्यायला दोघं गेली तेव्हा पोरीनं किल्ली बंपरच्या हातात ठेवली. त्यानं ती बायकोला दिली. बायको आत बसली, सीट पुढे घेतली, आरसा लावला. बंपर शेजारी बसला आणि पट्टा लावायच्या आत बोलायला लागला. "क्लच हळू. उजवीकडे बघ. ती सायकल. सायकल! थोडी डावीकडे... अगं एवढी नाही!" फाटकापर्यंतचं अंतर ते काय, पण त्यात त्यानं तिला शिकवणाऱ्या माणसाचं दोन महिन्यांचं सगळं काम करून टाकलं.

फाटकाशी बायकोनं गाडी थांबवली. दोन्ही हात चाकावर तसेच ठेवून समोर बघत राहिली.

"काय झालं?"

"एक सांगू?"

"सांग की."

"मला..." ती अडखळली. हे वाक्य सुरू करायची तिला सवय नव्हती हे आता बंपरलाही दिसत होतं. तो गप्प राहिला. त्याच्यासारख्या माणसाला गप्प राहणं किती जड जातं ते तुम्ही समजून घ्या. "मला एकटीला चालवायचीय," ती म्हणाली. "पहिली चक्कर. तुम्ही उतरता का?"

बंपरच्या ओठांवर पन्नास गोष्टी आल्या. रस्त्यावर गर्दी, गाडी नवी, हात नवा, आणि मी काय घरी चालत जाऊ? त्यानं दार उघडलं आणि उतरला. दार लावताना आपटलं नाही.

गाडी एकदा गचका खाऊन बंद पडली. तो जागचा हलला नाही. पुन्हा सुरू झाली आणि फाटकातून बाहेर वळली. वळताना आरशात त्याला तिचा चेहरा दिसला. ती हसत होती. कोणाकडे बघून नाही, आपली एकटीच, सगळे दात दिसतील असं. त्यानं ते हसू आधी कधी बघितलं होतं का, हे तो आठवत राहिला, आणि त्याला काही आठवेना. गाडी कोपऱ्यावरून दिसेनाशी झाली तरी तो तिकडेच बघत होता. डोळे भरून आले होते, ते त्यानं पुसलेही नाहीत.

फाटकावरचा वॉचमन हे सगळं बघत होता. "काय साहेब," तो म्हणाला, "मॅडम तुम्हाला विसरून गेल्या वाटतं?"

"नाही हो," बंपर म्हणाला. "तिला हवं होतं, म्हणून गेली."

वॉचमननं रस्त्याकडे बघितलं. "येतील लवकर."

"लवकर नाही आली तर बरं," बंपर म्हणाला. "बसायला एखादं स्टूल आहे का?"